काय केलं ते लिहा

आप्पांकडे बिघडलेला लॅपटॉप घेऊन गेलं की ते आधी लॅपटॉपकडे पाहत नसत. एक जाडजूड वही पुढे सरकवत, पेनाचं टोपण काढून देत आणि म्हणत, "काय केलं ते लिवा."

"काहीच नाही केलं हो, आपोआप झालं," असं माणूस हमखास म्हणायचा.

"आपोआप तर आपोआप. तसं लिवा. खाली सही करा."

राजूरच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात ते संगणकाच्या लॅबचे असिस्टंट होते. कायम कधी झालेच नाहीत. दर जूनला करार नवा व्हायचा. वय पन्नाशीच्या पुढे. उन्हाळा असो, पावसाळा असो, अंगात बिनबाह्यांचा राखाडी स्वेटर. मूळचे बेलापूरचे. तिकडे घरी बायको एकटी, आणि हे इकडे बाजारपेठेमागच्या एका खोलीत. शनिवारी दुपारी एसटीने जायचे, सोमवारी पहिल्या गाडीने परत. मुलं तर त्यांना आप्पा म्हणतच, आम्ही शिक्षकही म्हणायचो. त्यांना मात्र आम्ही सगळे 'सर' आणि 'मॅडम'. तेवीस वर्षांच्या नव्या मास्तरणीसाठीसुद्धा ते उठून उभे राहत. ती मास्तरीण मी.

लॅबमधल्या मशीनांना त्यांनी नंबर दिले नव्हते, गावांची नावं दिली होती. खिडकीशी बेलापूर, दाराशी मिरजगाव, फळ्याखाली श्रीरामपूर. तास चालू असताना मध्येच त्यांचा आवाज यायचा, "मिरजगावला कुनी बसू नका, त्याचा पंखा आवाज करतोय." बाहेरून आलेला माणूस चक्रावून जाई. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, किती मशीन बंद आहेत? आप्पा म्हणाले, "एकच साहेब. बेलापूर. आनि ते बी सोमवारपातुर उठंल." साहेबांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. आप्पा हसले नाहीत. ते हसायचेच क्वचित.

वायफायवर त्यांचा राग होता. ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरला त्यांनी स्वतः भिंतीला खिळे ठोकून तार नेली होती. प्राचार्यांना ती तार दिसायला वाईट वाटायची. आप्पा म्हणायचे, "तार तुटली तर दिसती. हवेतलं तुटलं तर कुठं हात लावायचा?" पण लॅबमधली जुनी मशीनं जाऊन देणगीत आलेल्या, तीच गावांची नावं मिळालेल्या बारा नव्या लॅपटॉपांना तार जोडायची जागाच नव्हती. पातळ, चकचकीत मशीनं. आप्पांनी एक हातात घेऊन चारी कडांनी फिरवून पाहिलं आणि खाली ठेवलं. "दागिन्यावानी हायेत," एवढंच म्हणाले.

माझी त्यांची ओळख झाली तीही वायफायपायीच. नोकरीला लागून महिना झाला होता. सकाळी लॅपटॉप उघडला तर वायफाय गायब. बंद नव्हतं, गायब. जिथे ते चिन्ह असतं तिथे काहीच नाही. मी घाबरून लॅबमध्ये गेले. वही पुढे आली. मला हा प्रकार तेव्हा विचित्र वाटला, थोडा अपमानाचाही. पण लिहिलं : 'काल संध्याकाळी अपडेटचा निरोप आला. न वाचता हो म्हटले.'

आप्पांनी ते दोनदा वाचलं. "हां. मग ड्रायव्हर."

ड्रायव्हर म्हणजे काय ते त्यांनी त्या दिवशी समजावून सांगितलं. "मशीनची भाषा येगळी, आत जी वायफायची पट्टी असती तिची येगळी. मधी दुभाषा लागतो. तो ड्रायव्हर. काल तुमी जुना दुभाषा काढला, नवा ठेवला. नव्याला त्या पट्टीची भाषाच येत न्हाई. पट्टी चांगली, मशीन चांगलं, पन बोलनं बंद." मग त्यांनी आतली यादी उघडली. वायफायच्या नावापुढे एक छोटा पिवळा त्रिकोण होता. त्यांनी दोन ठिकाणी दाबलं, जुना ड्रायव्हर परत आणला, मशीन बंद करून चालू केलं. दहा मिनिटं लागली नसतील.

"एवढं सोपं असतं?" मी विचारलं.

"खरं लिवलं म्हनून सोपं. तुमी 'आपोआप' लिवलं असतं, तर मी राऊटरपासनं सुरू केलं असतं."

"पण लोक खोटंही लिहीत असतील की."

यावर ते थोडे चिडलेच. "लिवत असतील. पन मी लिवलेलं खरंच धरतो मॅडम. खोटं धरायचं असंल तर लिवून घ्यायचं कशाला?"

हा त्यांचा हट्ट होता आणि तो त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. गावातल्या एका पुढाऱ्याचा मुलगा एकदा लॅपटॉप घेऊन आला आणि लिहायला तयार होईना. आप्पा हात लावीनात. प्राचार्यांचा फोन आला, तरी नाही. तीन दिवस ते मशीन टेबलावर तसंच पडून. चौथ्या दिवशी पोरगा आला आणि उभ्या उभ्या लिहून गेला, 'चहा सांडला.' आप्पांनी मशीन उघडलं, पुसलं, वाळवलं, चालू करून दिलं. पोरगा गेल्यावर शिपायाने मोठ्याने हसून म्हटलं, "आप्पा, चहाचा वास तर पहिल्याच दिवशी येत हुता!" आप्पा म्हणाले, "मला बी येत हुता. पन त्यानं सांगाय पायजे."

बाजाराच्या दिवशी डोंगरातल्या वाड्यांवरची माणसं यायची. कुणाचा मुलगा पुण्याला शिकतो, त्याचा जुना लॅपटॉप बापाच्या पिशवीत. लिहिता न येणाऱ्यांचं आप्पा स्वतः लिहून घेत, ते बोलतील तसंच, एक शब्द इकडचा तिकडे न करता. मग वाचून दाखवत. 'पोरगी म्हनली बटन दाबू नको, मी दाबलं.' अशी वाक्यं त्या वहीत भरली होती. मी ती कधीकधी चाळत बसे. माणसं आपली चूक किती साध्या शब्दांत सांगतात याचं मला नवल वाटे.

आता ती गोष्ट सांगते, जिच्यासाठी हे लिहायला बसले.

नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचे फॉर्म भरायचे दिवस होते. आमच्याकडच्या अकरा मुली परीक्षेला बसणार होत्या. बहुतेक सगळ्या धरणापलीकडच्या वाड्यांवरच्या. घरी रेंज नाही, मोबाईल असलाच तर भावाच्या हातात. त्यामुळे सगळ्यांनी शेवटच्या दिवशी कॉलेजात येऊन एकत्र भरायचं ठरलं होतं. दाखले मिळायलाच तोवरचा वेळ गेला होता. जबाबदारी माझ्याकडे होती.

आदल्या दिवशी आप्पा कामासाठी तालुक्याच्या गावी, अकोल्याला गेले होते. लॅबची किल्ली माझ्याकडे. दुपारी प्राचार्य डोकावले. पुढच्या आठवड्यात देणगीदार यायचे होते आणि प्रत्येक लॅपटॉपच्या कोपऱ्यात 'अपडेट करा' असा निरोप लुकलुकत होता.

"हे काय? नवीन मशीनं आणि ही अवस्था? करून टाका तेवढं."

"आप्पांना विचारून..."

"लॅब आप्पांची आहे का?" ते म्हणाले आणि निघून गेले.

भिंतीवर आप्पांच्या अक्षरात कागद होता : 'मला विचारल्याशिवाय अपडेट करू नये.' त्याचं कारणही मला ठाऊक होतं. नव्या मशीनांच्या जुन्या ड्रायव्हरची प्रत अजून त्यांनी काढून ठेवली नव्हती. तरी मी बाराही मशीनांवर 'हो' दाबलं. मी परिवीक्षेवर होते, नोकरी कायम व्हायला वर्ष पुरं व्हायचं होतं. शिवाय, खोटं कशाला बोलू, लॅब असिस्टंटच्या कागदाला किती मान द्यायचा असंही मनात आलंच. चारच्या सुमाराला सगळी मशीनं पुन्हा चालू होऊन थांबली. वायफाय लागतंय का ते मी पाहिलं नाही. बंद केली, कुलूप लावलं, घरी गेले.

सकाळी नऊला अकरा मुली दारात उभ्या. प्लास्टिकच्या पिशव्यांत दाखले, तेल लावून घट्ट घातलेल्या वेण्या, दोघींच्या बरोबर बापही. आप्पांनी बेलापूर उघडलं. वायफाय नाही. मिरजगाव उघडलं. नाही. एकामागून एक बारा.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत संशय नव्हता. सवयीने त्यांनी वही ओढली. "काल लॅब तुमच्याकडं हुती. काय केलं ते लिवा."

मुली बघत होत्या. दोन बाप बघत होते. दारात प्राचार्य येऊन उभे होते. मी प्राचार्यांकडे पाहिलं. ते दुसरीकडे बघत होते. मी पेन घेतलं आणि लिहिलं : 'लॅब उघडून साफसफाई करून बंद केली. मशीनवर काही केले नाही.' खाली सही केली.

आप्पांनी वाचलं. मान हलवली. "मग मशीनला हात लावायचं कारन न्हाई. राऊटर."

स्टुलावर चढून त्यांनी राऊटर उतरवला. पुसला. बंद केला, चालू केला. त्यावर फक्त लॅबच्या मशीनांना जोडायची परवानगी त्यांनीच दिलेली होती, ऑफिसची लाईन वेगळी, म्हणून दुसऱ्या कशावर तपासून बघायचीही सोय नव्हती. सगळी मांडणी पुसून पहिल्यापासून केली. मग बाहेर जाऊन खांबापर्यंत लाईन पाहून आले. घामाने स्वेटर मानेशी काळा पडला होता. मी दाराशी उभी. दर पाच मिनिटांनी वाटायचं, आता सांगावं. आणि दर पाच मिनिटांनी सांगणं अजून अवघड होत होतं, कारण मधली पाच मिनिटंही माझ्या खाती जमा झालेली असायची.

साडेअकराला त्यांनी हताश होऊन बेलापूर पुन्हा उघडलं आणि आतली यादी काढली. पिवळा त्रिकोण. जुन्यावर परत जायचं बटण होतं, पण फिकट, दाबलं जाईना. मग त्यांनी दुसरी एक यादी उघडली. काल काय काय बदललं त्याची. त्यात दिवस होता, वेळही होती. मी त्यांच्या खांद्यामागे उभी होते, मला दिसत होतं. त्यांनी मिरजगाव पाहिलं. श्रीरामपूर पाहिलं. तीन मशीनं पाहून झाकणं हळू लावली.

माझ्याकडे वळले नाहीत. खिडकीकडे बघतच म्हणाले, "मॅडम, तुमी हाफिसातल्या मशीनवर बसा. तिथं तार हाय. निम्म्या पोरी तुमी घ्या. मी मोबाईल तारेनं जोडून गच्चीवर बसतो, तिथं जरा रेंज येती."

"आधी नेटवरून ड्रायव्हर उतरवून घेतला तर?"

"हाफिसची लाईन बारीक हाय. ड्रायव्हर घ्यायचा का फॉर्म भरायचं? फॉर्म."

त्यांनी मिरजगाव काखेत घेतलं. मुलींनी चटया घेतल्या, एकीने लांब वायर घेतली. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत ते मांडी घालून बसले. शेवटचा दिवस, साईट रांगत होती. एकेका फॉर्मला सव्वा-दीड तास. फोटो चढायचा नाही, सही चढली की पान उडायचं, पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळी सहाला साईट बंद होणार होती. मी खाली ऑफिसात टाइप करत होते आणि वरून त्यांचा आवाज ऐकू यायचा, "घाबरू नको. आईचं नाव सांग. हळू सांग."

सहापर्यंत नऊ झाले. दोन राहिले. त्यातला एक सुनंदाचा. शेवटच्या पानावर ते गोल गोल चक्र फिरत होतं आणि फिरता फिरता साईट बंद झाली. मी वर गेले तेव्हा आप्पा पडद्याकडेच बघत होते. सुनंदा शांतपणे आपले दाखले पिशवीत भरत होती. म्हणाली, "जाऊ द्या आप्पा. वाटंत अंधार व्हईल, निघते."

सकाळचे ते अडीच तास असते, तर दोन्ही झाले असते. हे मला कळलं, आप्पांनाही कळलं. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही.

दुसऱ्या मुलीने पुढच्या वर्षी फॉर्म भरला. सुनंदाच्या बापाने पुढच्या वर्षाची वाट पाहिली नाही. वैशाखात तिचं लग्न लावून दिलं. त्याआधी तो कॉलेजात येऊन ओरडून गेला. मग चौकशी झाली. प्राचार्यांच्या केबिनमध्ये मी, आप्पा आणि हेडक्लार्क. वही टेबलावर. माझं पान उघडलेलं.

"मॅडमनी काही केलं नाही असं लिहिलंय," प्राचार्य म्हणाले. त्यांना खरं माहीत होतं. "मग अपडेट कुणी केलं?"

मी साडीचा पदर बोटाला गुंडाळत होते. मला वाटलं, आप्पा आता ती यादी काढून दाखवतील. दिवस, वेळ, सगळं. दाखवलं असतं तर बरं झालं असतं असं मी आज म्हणू शकते. तेव्हा मी देवाचा धावा करत होते की त्यांनी दाखवू नये.

"लॅब माझ्या ताब्यात हुती," आप्पा म्हणाले. "जबाबदारी माझी."

"म्हणजे तुम्ही केलं?"

"वहीत लिवलंय ते खरं," ते म्हणाले. "मग दुसरं कोन ऱ्हातं?"

अपडेट झालं त्या दिवशी ते अकोल्याला होते हे आम्हा बाकी तिघांनाही ठाऊक होतं, पण ते कुणी काढलं नाही. त्या जूनला त्यांचा करार नवा झाला नाही. जाताना त्यांनी बाराही मशीनं दुरुस्त करून, जुन्या ड्रायव्हरची प्रत काढून, पेनड्राइव्हवर गावांची नावं चिकटवून कपाटात ठेवली. किल्ली माझ्या हातात दिली. "पावसाळ्यात मशीनं अधूनमधून चालू ठिवा, दमट हवा हाय," म्हणाले. नमस्कार केला आणि स्टँडकडे गेले. मी कायम झाले.

त्यानंतर एकदाच मी त्यांना फोन केला. वर्षभराने. नंबर फिरवण्याआधी वाक्य पाठ केलं होतं. त्यांनी उचलला, ओळखलं. "मशीनं चालू हायेत ना?" विचारलं. मी हो म्हटलं. बेलापुरात एका झेरॉक्सच्या दुकानात बसतो म्हणाले. मग पाऊस कसा आहे ते विचारलं. मी पावसाचं सांगितलं. पाठ केलेलं वाक्य तसंच राहिलं.

मागल्या दिवाळीनंतर शिपायाने सांगितलं, आप्पा गेले. दुकानातच बसल्या बसल्या. हृदयाचं काहीतरी.

मी जायला तीन महिने लावले. बेलापुरात विचारत विचारत घर सापडलं. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, दारात शिलाई मशीन. त्यांची बायको ब्लाउजला हातशिलाई घालत होती. मी कॉलेजातली म्हटल्यावर लगबगीने उठली, सतरंजी टाकली, पाणी दिलं.

"इतक्या लांबनं आलात," ती म्हणाली. "कालिजातलं कुनीच आलं न्हाई. म्या म्हनलं, येतील तरी कशाला? जाताना चूक करून आलेला मानूस."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"आले त्या दिवशी हितंच बसले, उंबऱ्यावर. म्हनले, माझ्या हातनं चूक झाली. दोन पोरींचं वाटुळं झालं." सुई कापडात खोचून ती थांबली. "लई बोलले मी त्यांना, मॅडम. येवढी वर्सं काम केलं आन् आताच कसा हात चुकला म्हनून. जेवताना बोलले, पावनं असताना बोलले. एक दिस म्या म्हनलं, तुमच्या त्या वहीत सगळ्या जगाच्या चुका लिवून घेतल्या, सोताची कोन लिवनार? त्यांनी ताट सरकवलं आन् उठून गेले. गेले त्या दिवशी सकाळी बी माझं चालूच हुतं."

तेव्हा मी सांगितलं. सगळं. प्राचार्यांचं, कागदाचं, बारा मशीनांचं, वहीत मी काय लिहिलं ते. आप्पांनी पाहिलेल्या यादीचं. चार वर्षं अडकलेलं वाक्य एकदा सुटल्यावर थांबेना. बोलताना मला रडू आलं आणि, आज कबूल करते, बरंही वाटलं.

ती ऐकत होती. मांडीवरचं ब्लाउज तिने गुंडाळून बाजूला ठेवलं. मग म्हणाली,

"म्हंजी त्यांची चूक नव्हती."

"नव्हती."

"आन् त्यांना ते म्हाईत हुतं."

"हो."

ती दाराकडे बघत राहिली. बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गेला. मग माझ्याकडे वळली. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"मग हे तुमी मला आता कशाला सांगितलं?"

"तुम्हाला खरं कळावं म्हणून," मी म्हटलं. म्हणताना कळलं की तेही खरं नाही.

ती उठली. चुलीकडे गेली, भाकरीच्या टोपल्यावरचं फडकं उचललं, पुन्हा झाकलं. पाठमोरीच म्हणाली, "दुपारच्याला दारात आलेलं मानूस आमी बिगर जेवनाचं जाऊ देत न्हाई, मॅडम. पन आज माझ्याच्यानं तुमाला वाढवनार न्हाई. तुमी जावा."